उसावरचा केवडा दिसतो, घरातला दिसत नाही

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात वीजबिल झाले, कांदा झाला, पीकविम्याचे ठराव झाले. आता जेवणानंतर आम्ही रक्तातल्या लोहावर बोलणार असे पत्रकात छापले आहे. ते वाचून दोघातिघांनी विचारले, ‘‘हा दवाखान्याचा विषय आपल्या बैठकीत कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण शेतकी कॉलेजातले. आम्ही डॉक्टर नाही, आणि येथे औषध सांगायला उभे राहिलेलो नाही. पण लोह हा विषय जितका डॉक्टरांचा तितकाच तुमचा-आमचा आहे. ते जमिनीतून निघते, दाण्यात शिरते, भाकरीतून पोटात जाते. त्या सगळ्या वाटेवर शेतकरी उभा आहे. आणि ही वाट जेथे पोचते ती जागा म्हणजे आपल्या पोरांचे डोके. ज्या पोराला मास्तर ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात, त्याच्या डोक्याचा प्रश्न आहे. म्हणून हा विषय बैठकीचा आहे.

आधी शेतातलेच बोलू. केवडा पाहिला नाही असा ऊसवाला या मंडपात सापडायचा नाही. चुनखडीच्या रानात खोडवा फुटून वर आला की पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पुढे पान पांढरेफटक होते. भुईमुगाला होतो, सोयाबीनला होतो. आपण काय करतो? कृषी सहायकाला विचारतो, दुकानातून हिराकस आणतो, शेणखतात मुरवून सरीत टाकतो, नाहीतर पंपाने फवारतो. थोड्याच दिवसांत नवी पाने हिरवी निघू लागतात. आता यातली खुबी लक्षात घ्या. त्याच रानातली माती तपासायला दिली तर तिच्यात एकूण लोह भरपूर निघते. पिकाला सबंध हंगामात लागते काही किलो, आणि एकरभर मातीच्या वरच्या थरात ते टनांनी पडलेले असते. पण चुनखडीने ते बांधून ठेवलेले असते, मुळांना उचलता येत नाही. जमिनीत आहे आणि पिकाला नाही, असा हा प्रकार.

आपल्या घरात नेमके हेच चालले आहे. ताटात लोह थोडेफार आहे, पण अंगाला लागत नाही. आणि जे लागते ते घरात सगळ्यांना सारखे लागत नाही.

हा दाखला आम्ही ओढूनताणून आणलेला नाही. युरोपात तरुण मुलींना होणाऱ्या फिकटपणाच्या रोगाला क्लोरोसिस म्हणत. पिकाच्या पिवळेपणालाही वनस्पतिशास्त्रात आजवर तोच शब्द आहे, आम्ही कॉलेजात तोच शिकलो. १८३० च्या दशकात फ्रान्समधल्या ब्लो नावाच्या डॉक्टरांनी हिराकसापासून केलेली गोळी अशा मुलींना द्यायला सुरुवात केली. पुढच्याच दशकात त्याच देशात ग्री नावाच्या शास्त्रज्ञाने पिवळ्या पानांना लोहाचे क्षार देऊन ती हिरवी करून दाखवली. आज आशाताई जी गोळी देतात तिच्यातही हिराकसच असते, शुद्ध करून मोजून घातलेले. (हे ऐकून कोणी गोठ्यातल्या पोत्यातले हिराकस चाटू नका. ते शेतीसाठी आहे, त्यात आणखी काय काय आहे ते दुकानदारालाही सांगता यायचे नाही.)

उसावर केवडा पडला तर बांधावरून दिसतो. मग घरातला का दिसत नाही?

आकडे सांगतो, ते सरकारचेच आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे पाचव्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शेकडा ५४.२ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या पोरांत तो ५३.८ वरून ६८.९ वर गेला. पुरुषांत २१.९. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावरची ही मोजणी नीट नसते असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला आहे, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. शिवाय रक्त कमी म्हणजे दर वेळी लोहच कमी असेही नाही. बी-१२ कमी असते, फॉलिक ॲसिड कमी असते, आदिवासी पट्ट्यात सिकलसेल असतो, सारखी आजारपणे असतात. हे सगळे वजा करा. तरी लोहाची टंचाई हे मोठे कारण उरतेच, आणि बायका आणि पुरुष यांच्या आकड्यांतली दरी काही मोजणीच्या चुकीने पडलेली नाही.

आधी डोके, मग रक्त

आता आम्हाला जे मुख्य सांगायचे आहे त्याकडे येतो. लोह म्हटले की आपल्याला रक्त आठवते. मोठ्या माणसाच्या अंगात सगळे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते, एका खिळ्याएवढे. त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास वाटा रक्तातल्या हिमोग्लोबिनात. उरलेल्यातला काही साठा म्हणून यकृतात, आणि थोडे प्रत्येक अवयवात कामाला लागलेले. मेंदूत ते तीन जागी राबते. मज्जातंतूंवर एक वेष्टण असते, विजेच्या तारेवर असते तसे. ते चढवणाऱ्या पेशींना लोह लागते. वेष्टण कच्चे राहिले की निरोप सावकाश पोचतो. दुसरे, लक्ष लागणे, हुरूप वाटणे, हालचाल नेमकी होणे ही कामे डोपामीनसारख्या रसायनांवर चालतात. ती तयार करताना लोह लागते. तिसरे, मेंदू हा खादाड अवयव आहे. मोठ्या माणसात वजन शरीराच्या शेकडा दोन, पण तो खर्च करतो शेकडा वीस शक्ती. तान्ह्या मुलात तर निम्म्याहून जास्त शक्ती तोच खातो. पेशीत ही शक्ती तयार होते तेथेही लोह पाहिजेच.

मग टंचाई पडली की शरीर काय करते? कालव्याला पाणी कमी आले की आधी कोणाची पाळी ते ठरलेले असते, तसे शरीराचेही ठरलेले आहे. पहिली पाळी रक्ताची. यकृतातला साठा संपतो, मग इतर अवयवांना, वाढत्या लेकरात तर मेंदूलाही, कमी पडू लागते, आणि रक्त मात्र बरेच दिवस तग धरून असते. म्हणजे बोटाला टोचून हिमोग्लोबिन ‘ठीक’ आले तरी मेंदूकडच्या चारीला पाणी पोचलेले नसेल. साठा मोजायचा तर फेरिटीन नावाची वेगळी तपासणी करावी लागते. ती खेड्यात सहसा होत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, की रक्त कमी झालेले दिसते तोवर केवडा पडून बराच काळ गेलेला असतो.

लेकरू पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत आई त्याला लोहाची शिदोरी बांधून देते. ती साधारण सहा महिने पुरते. आईच्याच घरात नसेल तर ती कोठून बांधणार? नेमका हाच काळ, पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतचा, मेंदूच्या बांधणीचा. या काळातली टंचाई किती महाग पडते हे पाहायचे तर मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशाकडे पाहावे लागेल. बेट्सी लोझॉफ या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तेथली एक-दोन वर्षांची मुले तपासली. ज्यांच्यात लोह कमी होते त्यांना लोह दिले, रक्त सुधारले. मग त्या मुलांचा पाठपुरावा थेट एकोणीस वर्षांची होईपर्यंत केला. लहानपणी ज्यांची टंचाई जुनाट होती ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे राहिली, रक्त भरून आल्यावरही. आणि पुढचे नीट ऐका. बऱ्या परिस्थितीतल्या घरांत ही दरी तेवढीच राहिली. गरीब घरांत मात्र ती लहानपणी १० गुणांची होती ती एकोणिसाव्या वर्षी २५ गुणांची झाली. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. गरिबी आणि लोहाची टंचाई एकाच उंबऱ्यातून आत आली तर पोराचे असे होते. आपल्या कोरडवाहू गावांत त्या दोघी बहुधा जोडीनेच येतात.

म्हणून पहिले काम बाळंतपणाच्या खोलीतले. बाळ जन्मले की नाळ कापायची घाई करू नये. एक ते तीन मिनिटे थांबले तर वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि त्याबरोबर काही महिन्यांचे लोह जाते. जागतिक आरोग्य संघटनेची तशी शिफारस आहे, २०१८ साली सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही ती आहे. स्वीडनमध्ये तीन मिनिटे थांबून पाहिले तेव्हा चौथ्या महिन्यात त्या बाळांचा लोहाचा साठा बराच जास्त निघाला, आणि चार वर्षांची झाल्यावर बोटांची बारीक कामे त्यांना जास्त चांगली जमली. याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही. बाळ रडत असेल, श्वास घेत असेल तर डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेवायचे, ‘‘बाई, नाळ जरा थांबून कापा.’’ सासूबाईंनी सांगितले तर जास्त चांगले; त्यांचे ऐकले जाते.

दुसरे काम सहा महिन्यांनंतरचे. शिदोरी संपते आणि आपल्याकडे पोराला काय मिळते? चहात बुडवलेले बिस्किट आणि गाईचे दूध. दुधात लोह जवळजवळ नाही, आणि चहा असलेले लोहही अडवतो. हे बंद करून कुस्करलेली भाकरी, डाळ, पालेभाजी, ज्यांच्यात चालते त्यांनी अंडे आणि कलेजी द्यावी.

बाजरीची परीक्षा

आता मोठ्या मुलांचे. आठवी-नववीतल्या पोरांचे गेले ते गेले असे समजून हात झटकायचे काय? नाही. याचे उत्तर कोठे मिळाले असेल? परदेशात नाही. आपल्या महाराष्ट्रातच, भाकरीवर मिळाले.

खेड्यातल्या माध्यमिक शाळांतली १२ ते १६ वयाची मुले-मुली घेतली. अर्ध्यांना जास्त लोह असलेल्या बाजरीची भाकरी, अर्ध्यांना साध्या बाजरीची, रोज दोनदा, सहा महिने. कोणाला कोणती हे मुलांना ठाऊक नाही. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. हिमोग्लोबिनात डोळ्यांत भरण्यासारखा फरक नव्हता, पण लोहाचा साठा चारच महिन्यांत वाढला होता, आणि ज्यांचा साठा आधी अपुरा होता अशी मुले लोहाच्या बाजरीने जास्त संख्येने भरून निघाली. मग २०१८ साली त्याच अभ्यासाचा दुसरा भाग आला. १४० मुलांच्या डोक्याची कामे मोजलेली होती: पडद्यावर खूण दिसताच कळ किती लवकर दाबतो, नको तेथे हात आवरतो का, पाहिलेले ओळखतो का. लोहाची बाजरी खाणाऱ्या मुलांचे लक्ष आणि स्मरण दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारले.

१४० मुलांवरून सगळ्या देशाचे गणित मांडू नये हे आम्हाला समजते. एका प्लॉटवरून शिफारस काढणारा शेतकी पदवीधर नापास होतो. पण रक्ताचा आकडा फारसा न हलता डोके हलले, हे आम्ही मघाशी जे सांगितले त्याला धरूनच आहे. आणि हे गोळीने झालेले नाही, शेतात पिकणाऱ्या धान्याने झाले आहे.

आता बाजरीचे कुळ सांगितले पाहिजे, कारण येथून पुढे विषय पूर्ण आपला आहे. आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या मूळ बियाण्यावरून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने आयसीटीपी ८२०३ हे वाण काढले. १९८८ पासून ते आपल्याकडे आहे. तुमच्यातल्या जुन्या लोकांनी पेरले असेल. त्यातूनच निवड करून जास्त लोहाचे ‘धनशक्ती’ झाले. ते २०१२ ते २०१४ या काळात शेतकऱ्यांपर्यंत आले. किलोला साधारण ७१ मिलीग्रॅम लोह. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने संकरित वाणे दिली: एएचबी १२०० मध्ये ७३, एएचबी १२६९ मध्ये ९१ मिलीग्रॅम. २०१८ साली असाही नियम झाला, की बाजरीचे नवे वाण प्रसारित व्हायचे तर त्यात किलोला किमान ४२ मिलीग्रॅम लोह आणि ३२ मिलीग्रॅम जस्त पाहिजे. धान्याच्या उत्पन्नाबरोबर त्यातले सत्त्वही मोजून वाण पास करायचे, हा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो.

याच्या शेजारी पॉलिश केलेला तांदूळ ठेवा. किलोला ६ ते ७ मिलीग्रॅम. ज्वारी आणि गव्हाची कणीक चाळिशीच्या आसपास. वयात आलेल्या मुलीला रोजची गरज ३० मिलीग्रॅमच्या पुढेमागे, तिच्या बापाला १९. आणि आपण काय केले? ज्या घरात दोन वेळ बाजरी-ज्वारी होती तेथे रेशनचा गहू-तांदूळ आणला. भूक भागली, ते आम्ही नाकारत नाही. पण बाजरीचे क्षेत्र गेले आणि तिच्याबरोबर ताटातले लोह गेले. मग सरकारच्या ध्यानात आले की लोकांच्या अंगात लोह नाही, म्हणून २०२१ च्या १५ ऑगस्टला घोषणा झाली की रेशनच्या तांदळात कारखान्यातून लोह घालून देऊ. अंगणातली विहीर बुजवून टँकर लावण्यातला हा प्रकार आहे. टँकर वाईट नसतो, तहानेच्या वेळी तोही लागतो. पण विहीर कोणी बुजवली हे विचारायला नको काय?

विचारायचे तर भावापाशी येऊन थांबावे लागते. २०२५-२६ च्या खरिपाला बाजरीची आधारभूत किंमत क्विंटलला २७७५ रुपये जाहीर झाली. या मंडपात कितींची बाजरी त्या भावाने गेली? हात वर करा. दिसले. अडत्याला बाजरीत किती लोह आहे याच्याशी देणेघेणे नाही, तो रंग पाहतो आणि ओल पाहतो. आश्रमशाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या यांना धान्य लागते. त्यांनी जिल्ह्यातलीच लोहाची बाजरी, लोह तपासून, त्याप्रमाणे चढा भाव देऊन घ्यावी अशी आमची मागणी आहे. एक अडचण आम्हीच सांगून टाकतो, नाहीतर अधिकारी सांगतील: बाजरीचे पीठ लवकर कडू होते. म्हणून पीठ साठवायचे नाही, धान्य साठवायचे आणि आठवड्याला दळायचे. गावोगाव गिरण्या आहेत, ते बायकांच्या गटांना काम आहे.

बियाण्याचेही एक समजून घ्या. संकरित वाण उत्पन्न जास्त देते, पण दर साल पिशवी विकत आणा. धनशक्ती हे सुधारित वाण आहे, आपल्या शेतातले बी ठेवता येते. मात्र बाजरी परागाने फितूर होणारे पीक, तेव्हा बियाण्याचा तुकडा दुसऱ्या बाजरीपासून किमान २०० मीटर लांब ठेवायचा, वेगळी दिसणारी ताटे फुलोऱ्याआधी उपटायची, आणि सारख्या भरदार कणसांचे बी घ्यायचे. हेक्टरी तीन-चार किलोच तर लागते.

ताटापासून अंगापर्यंत

आता चुनखडीचा प्रश्न. धान्यात लोह आले तरी ते बांधलेले असते, धान्यातच असलेल्या फायटेट नावाच्या पदार्थाने. ताटातली चुनखडी हीच. ती सोडवायला आंबट लागते. लिंबू, चिंच, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो. यातल्या क जीवनसत्त्वाने आणि आंबटपणाने लोह मोकळे होते. बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबाची फोड आणि मोड आलेली मटकी ही आपल्या आजीची न्याहारी होती. तिला शास्त्र विचारायची गरज पडली नाही. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनीही फायटेट कमी होते. आंबील म्हणजे तेच. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवली तर कढईतलेही थोडे लोह उतरते. नॉनस्टिक आणि ॲल्युमिनियमने ते गेले.

आणि चहा. जेवताना किंवा जेवल्याबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातल्या लोहाचा निम्म्याहून जास्त वाटा अडवून ठेवतो. चहा सोडा असे सांगण्याइतके आम्ही वेडे नाही, सभाच उठून जाईल. जेवण आणि चहा यांत तासा-दीड तासाचे अंतर ठेवा एवढेच. शेतावर भाकरीबरोबर चहाची किटली नेता ती नेऊ नका.

दोन गैरसमजही काढून टाकू. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते असे नाही; शंभर ग्रॅम बिटात एक मिलीग्रॅमही लोह नसते. गुळात असते, पण खड्याने भागत नाही. अळिवाचे लाडू मात्र बाळंतिणीला देतात ते बरोबर देतात.

बाहेर जाणारे लोहही आहे. ओल्या मातीत अनवाणी काम करताना आकडी जंत पायाच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटून रोज थोडे रक्त पितो. तो एकटा नसतो, शेकड्यांनी असतो. हागणदारी आणि अनवाणी पाय ही त्याची वाट. २०१५ पासून शाळांत जंतनाशक दिवस होतो, १० फेब्रुवारीला गोळी मिळते. पोराला त्या दिवशी घरी ठेवू नका. मुलींच्या पाळीत रक्त फार जात असेल तर ते ‘बायकांचे दुखणे’ म्हणून झाकू नका, दाखवा. घरात कोणी माती, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ खात असेल तर ओरडण्याआधी रक्त तपासा. ती खोड बहुतेक वेळा लोहाची मागणी असते.

आणि ताटाची पाळी. भाकरी करणारी शेवटी बसते. तोवर कालवणातला रस्सा उरतो, कलेजीचे तुकडे पुरुषांच्या ताटात गेलेले असतात. ५४ आणि २१ हे मघाचे दोन आकडे येथे तयार होतात. बंधूंनो, हा ठराव दिल्लीला पाठवून होणार नाही.

गोळ्यांचे थोडक्यात. शाळेत मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी १८० दिवस. मूल काळे होते ही खोटी समजूत आहे; शौच काळे होते, ते व्हायचेच. मळमळले तर जेवणानंतर घ्या. चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, एक सकाळी एक रात्री. त्या गोळीत फॉलिक ॲसिडही असते. त्याची कथा तर १९२८ नंतरच्या मुंबईतली, गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणातल्या रक्तक्षयाचे कारण शोधणाऱ्या ल्युसी विल्स या डॉक्टरांची. पण ती पुन्हा कधी. एका तालुक्यात आम्ही पाहिले, की शाळेच्या कपाटात गोळ्यांचे खोके मुदत संपून पडले होते आणि नोंदवहीत सगळ्या वाटल्याची सही होती. असे आपल्या गावात होत असेल तर पालकांनी जाऊन कपाट उघडायला लावावे.

जास्तीचेही बोलले पाहिजे. हिराकस दुप्पट टाकले तर पान करपते. लोहाच्या गोळ्या लहान पोराने मूठभर गिळल्या तर जीव जातो. डबा उंचावर ठेवा. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्यांनी तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोह घेऊ नये. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या कार्यकर्त्यांनी हे आधी सांगावे, मग बाकीचे. ज्या पुरुषांचे रक्त चांगले आहे त्यांनी टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. म्हातारपणी कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत एका जागी लोह साचलेले आढळते. तेव्हा ते औषधाने काढून टाकावे म्हणून युरोपात प्रयोग झाला. २०२२ साली निकाल आला, लोह कमी झाले पण रोग्यांची लक्षणे उलट वाढली. मेंदूला ते कमीही नको, जास्तही नको, आणि उपटून काढलेलेही नको.

आता कामाचे. प्रत्येक तालुक्याने पुढच्या महिन्यात दोन शाळा आणि एक वसतिगृह घ्यावे: निळी गोळी मिळते का, जेवणात काय असते, चहा कधी देतात, एवढे तीन प्रश्न लिहून आणावेत. धनशक्तीचे बी ज्यांना पाहिजे त्यांनी नावे आजच तालुकाप्रमुखांकडे द्यावीत, मृगाच्या तोंडावर आलेल्यांना मिळणार नाही. ज्यांच्याकडे बियाण्याच्या तुकड्यासाठी एका बाजूला पडलेले, शेजारी बाजरी नसलेले रान आहे त्यांनी नावापुढे तशी खूण करावी. आणि बाहेर चहा तयार आहे असे आम्हाला आत्ताच चिठ्ठीवर कळवले आहे. जेवण होऊन तास उलटला आहे, तेव्हा घ्यायला हरकत नाही.